जलरुचिमीमांसा : कुरुंदवाड खंड

शास्त्रग्रंथ लिहायला बसलं की आधी चार गोष्टी सांगाव्यात असा आपल्याकडचा जुना दंडक आहे: विषय कोणता, प्रयोजन काय, संबंध काय आणि वाचायचा अधिकार कोणाला. प्रस्तुत ग्रंथाचा विषय प्यायचं पाणी. ते शुद्ध की अशुद्ध हा आमचा प्रश्न नव्हे. तो आरोग्य खात्याचा आहे आणि ते खातं बाटलीत नमुना भरून तो प्रयोगशाळेकडे रवाना करतं. आमचा विषय आवड. नळाचं, बोअरचं, फिल्टरचं, जारचं, सीलबंद बाटलीचं आणि सोड्याचं, अशी सहा पाणी पुढ्यात आली की माणूस एकाला हात घालतो आणि दुसऱ्याला नाक मुरडतो, ते कशाच्या आधारावर? प्रयोजन काहीही नाही. संबंध एवढाच की लेखकाला तहान लागते. आणि अधिकारी वाचक तो, ज्यानं एकाच दिवसात सकाळी घरचं, दुपारी कचेरीतलं आणि संध्याकाळी लग्नाच्या हॉलमधलं पाणी पिऊन तिन्हींच्या चवीवर ठाम मत दिलेलं आहे. म्हणजे शिरोळ तालुक्यातले बहुतेक सगळे.

स्थळ कुरुंदवाड निवडलं त्याला कारण आहे. कासारी, कुंभी, तुळशी, भोगावती आणि कुणीच न पाहिलेली सरस्वती अशा पाच जणींची मिळून पंचगंगा होते. ती कोल्हापूर आणि इचलकरंजी करत कुरुंदवाडच्या घाटाशी येते आणि समोर नृसिंहवाडीला कृष्णेत मिळते. पटवर्धन संस्थानिकांच्या अमदानीतला हा घाट; संताजी घोरपड्यांची समाधीही इथलीच. ज्या गावाच्या दाराशी दोन नद्या आहेत त्या गावात रोज सकाळी निळे जार भरलेला ‘छोटा हत्ती’ टेम्पो गल्लोगल्ली हिंडतो. यात विसंगती आहे असं वरवर पाहणाऱ्याला वाटेल. तसं नाही. वाळवंटात पाण्याबद्दल मतं नसतात, मागणी असते. मत व्हायला आधी पाणी मुबलक लागतं, आणि कुरुंदवाडला ते काही वर्षी माळ्यापर्यंत येतं.

आता पूर्वाचार्यांकडे वळू. सुश्रुतानं सूत्रस्थानाच्या पंचेचाळिसाव्या अध्यायात जमिनीवरच्या पाण्याचे सात प्रकार सांगितले आहेत. विहिरीचं ते कौप, नदीचं नादेय, सरोवराचं सारस, तळ्याचं ताडाग, झऱ्याचं प्रास्रवण, जमीन फोडून वर येणारं औद्भिद आणि न बांधलेल्या विहिरीचं चौण्ट्य. यादी चोख आहे. नळाचं पाणी म्हणजे टीसीएल पावडर घातलेलं नादेय, हे कुणीही मान्य करील. बोअरचं औद्भिदात ढकलता येईल. फरक इतकाच की ते आपण होऊन जमीन फोडत नाही, पाच हॉर्सपॉवरची मोटर त्याला फोडायला लावते. अडचण येते ती जारची. जे पाणी जमिनीतून निघून, पडद्यातून गाळलं जाऊन, निळ्या प्लॅस्टिकमध्ये शिरून चारचाकीवर बसतं आणि दारात येऊन हॉर्न वाजवतं, त्याला सुश्रुताकडे जागा नाही. कूपाचं कौप आणि नदीचं नादेय होत असेल, तर टेम्पोचं टैंपव व्हायला व्याकरणाची हरकत नसावी. आठवा प्रकार टैंपव मानावा, अशी विद्वानांना आमची नम्र सूचना आहे.

आकाशातून पडणाऱ्या पाण्याचे सुश्रुतानं गांग आणि सामुद्र असे भेद करून परीक्षाही दिली आहे. साळीच्या भाताची मूद चांदीच्या भांड्यात घालून पावसात एक मुहूर्त, म्हणजे अठ्ठेचाळीस मिनिटं, ठेवायची. भात जसाच्या तसा राहिला तर पाणी गांग, प्यायला उत्तम. रंग बदलला, चिकट झाला, तर सामुद्र, ते पिऊ नये. आज हे काम पाण्यात विरघळलेले क्षार मोजणारा पेनाएवढा टीडीएस मीटर करतो. त्याला चांदी लागत नाही आणि भात वाया जात नाही. गढूळ पाणी निवळायला सुश्रुतानं सात वस्तू सुचवल्या: निवळीचं बी, गोमेद, कमळाच्या कंदाची गाठ, शेवाळाचं मूळ, फडकं, मोती आणि मणी. पैकी फडकं तेवढं आजतागायत टिकलं आहे. पावसाळ्यात पंचगंगा तांबडी झाली की नळाच्या तोंडाला बांधलेलं जुन्या धोतराचं फडकं कुठल्याही गल्लीत बघायला मिळतं. मोती आणि मणी वापरणारी घरं आमच्या पाहण्यात आली नाहीत, पण संस्थानाचा गाव आहे, छातीठोक काही सांगता येत नाही.

चवीच्या प्रश्नाला मात्र वैद्य पुरत नाहीत, नैयायिक लागतात. न्याय-वैशेषिकांचं म्हणणं असं की पाण्याला एकच रस, मधुर. आंबट नाही, खारट नाही, कडू नाही. मग समुद्र खारट का? तो खारटपणा पाण्याचा नव्हे, पाण्यात मिसळलेल्या पृथ्वीचा. लिंबाच्या रसाचा आंबटपणाही आश्रयाचा, पाण्याचा नाही, असं विश्वनाथ पंचाननानं सतराव्या शतकात न्यायसिद्धान्तमुक्तावलीत निकालात काढलं आहे. यावर पूर्वपक्ष असा: पाणी गोड आहे म्हणता, मग पिताना गोड का लागत नाही? उत्तर तयार आहे. हिरडा खा आणि मग पाणी प्या. आपल्याकडे लहानपणी हा प्रयोग आवळ्यावर झालेला असतो. आवळ्यावर पाणी प्यायल्यावर ते साखर घातल्यासारखं लागतं आणि पोरं घशाशी येईपर्यंत पीत राहतात. पूर्वपक्षी चिवट असतो. तो म्हणतो, गोडी हिरड्याचीच नसेल कशावरून? मुक्तावलीकार म्हणतात, नाही. हिरडा गोडी देत नाही, पाण्यातली असलेली गोडी उघडी करतो.

हसण्यावारी नेऊ नये. पाण्याचं पाणीपण सगळीकडे एकच आणि चवीतला सगळा फरक त्यात विरघळलेल्या मातीचा, हे वाक्य आणि टीडीएस मीटरचं तत्त्व यांत काडीचाही फरक नाही. विरघळलेले घन पदार्थ म्हणजे कॅल्शियम, मॅग्नेशियम, सोडियम, त्यांचे क्षार, म्हणजे पृथ्वीच. भारतीय मानक १०५०० मध्ये प्यायच्या पाण्यात ही पृथ्वी लिटरमागे ५०० मिलिग्रॅमपर्यंत असावी असं सांगितलं आहे, आणि दुसरा स्रोतच नसेल तर २००० पर्यंत चालवून घ्यावं. मीटर नैयायिकांच्या हाती असता तर मुक्तावलीत एक तक्ता वाढला असता आणि विद्यार्थ्यांचे हाल झाले असते.

शिरोळ तालुक्यात ही पृथ्वी पाण्यात जरा सढळ हातानं मिसळलेली आहे. काळी जमीन, बारमाही ऊस, पाटानं आणि लिफ्टनं दिलेलं भरमसाट पाणी आणि निचरा कमी. जमिनीतले क्षार वर आले आणि हजारो एकर रानं क्षारपड झाली. सच्छिद्र पाइप जमिनीखाली पुरून ती रानं पुन्हा पिकाखाली आणायचं काम तालुक्यात बऱ्याच ठिकाणी चाललं आहे, तो वेगळा आणि गंभीर विषय. आमच्या विषयापुरतं इतकंच, की इथल्या बोअरचं पाणी सवळ. सवळ पाण्याची चव खारट म्हणावी तर खारट नसते, तुरट म्हणावी तर तुरट नसते. घोट घेतल्यावर माणूस क्षणभर थांबतो आणि ‘हं’ म्हणतो. तो ‘हं’ म्हणजे सवळ.

परीक्षेची साधनं, म्हणजे प्रमाणं, इथे तीन चालतात. पहिलं प्रत्यक्ष, म्हणजे जीभ. हे सर्वांत दुबळं, कारण जीभ घरच्या पाण्याला सरावलेली असते आणि त्यालाच शून्य धरते. आयुष्यभर सवळ पाणी प्यायलेल्या माणसाला कोकणातलं झऱ्याचं पाणी दिलं तर ‘ह्याला काय चवच न्हाई’ असा अभिप्राय मिळतो. तो खोटा नसतो.

दुसरं अनुमान. हे स्वयंपाकघरात चालतं आणि जवळजवळ अचूक असतं. तूरडाळ शिजायला तीन शिट्ट्यांच्या ठिकाणी सहा लागल्या तर पाणी जड. जड पाण्यातलं कॅल्शियम डाळीच्या पेशींच्या भिंतींतल्या पेक्टिनला धरून ठेवतं आणि दाणा मऊ होऊ देत नाही. हे रसायन ठाऊक नसलेल्या बायका चिमूटभर खायचा सोडा टाकून त्याचा बंदोबस्त पिढ्यान्‌पिढ्या करत आल्या आहेत. साबणाला फेस येईना, हंड्याच्या बुडाशी पांढरी खपली धरली, गिझरचा हीटर दर वर्षी बदलावा लागला, हीसुद्धा लिंगं, म्हणजे अनुमानाच्या खुणा. सून आली त्या वर्षीपासून डाळ शिजत नाही, अशी तक्रार घेऊन बसलेल्या सासवांना आम्ही बोअरची तारीख विचारतो.

तिसरं शब्दप्रमाण. आप्ताचं वाक्य. पूर्वी आप्त म्हणजे ऋषी, आता फिल्टर विकायला आलेला बूट-टायवाला मुलगा. तो काचेचे दोन पेले मांडतो, एकात नळाचं पाणी, एकात यंत्रातलं. दोन्हींत लोखंडी सळ्यांचा एक डबा बुडवून प्लग लावतो. मिनिटाभरात नळाच्या पाण्यात तपकिरी, शेवाळी घाण उसळते, यंत्राचं पाणी मात्र नितळ. घरातल्या बाया पदर तोंडाला लावतात. वास्तविक ती घाण पाण्यातली नसते, सळ्यांच्या लोखंडाची असते. नळाच्या पाण्यात क्षार असल्यानं वीज वाहते आणि लोखंड झिजून गंज सुटतो, यंत्राच्या पाण्यात क्षारच नसल्यानं वीज वाहत नाही. म्हणजे प्रयोगानं सिद्ध झालं ते इतकंच, की नळाच्या पाण्यातून वीज वाहते. पण शब्दप्रमाणापुढे अनुमान टिकत नाही, हा जुनाच अनुभव आहे.

इथवर आलेल्या वाचकाला वाटेल की चव म्हणजे क्षार, आणि मीमांसा संपली. संपली नाही. कारण तेच पाणी, तेवढेच क्षार, दोन पेल्यांत भरून ‘हे बोअरचं, हे बाटलीचं’ असं सांगितलं तर चव बदलते. ही चव कुठल्या पृथ्वीची? यावर आमचं उत्तर असं, आणि या ग्रंथातला हाच एक सिद्धान्त आमचा स्वतःचा आहे: माणूस पाणी पीत नाही, उगम पितो. ज्या पाण्याचा उगम आपल्यापासून जितका लांब, जितका उंच आणि जितका न पाहिलेला, तितकं ते गोड. यास उगमसिद्धान्त म्हणावं.

पुराव्यासाठी जिल्ह्याबाहेर जावं लागत नाही. कोल्हापूर शहर पंचगंगेच्या काठावर वसलेलं आहे, पण त्यानं हट्ट धरला तो दूधगंगेवरच्या काळम्मावाडी धरणातून थेट पाइपलाइनचा. बरीच वर्षं आंदोलनं, घोषणा आणि खोदकाम होऊन २०२३ च्या दिवाळीत ते पाणी शहरात पोचलं तेव्हा लोकांनी ते सणासारखं साजरं केलं. इचलकरंजीच्या अंगणातूनही पंचगंगाच जाते, पण शहराची तहान भागते ती मुख्यतः कृष्णेवर, आणि ते पाणी उपसलं जातं आमच्या शेजारच्या मजरेवाडीतून. म्हणजे आमच्याकडची कृष्णा पाइपातून वर जाते आणि तिकडचं वापरलेलं पंचगंगेतून खाली येतं. शेजारधर्म यापेक्षा नियमित असू शकत नाही. पुढे इचलकरंजीनं वारणेचं पाणी दानोळीतून मागितलं, तेव्हा वारणाकाठ उठला. मग दूधगंगेचं सुळकूडमधून मागितलं, तेव्हा कागलकडचा काठ उठला. प्रत्येक शहराला वरच्या अंगाचं पाणी हवं असतं आणि वरच्या अंगाचा प्रत्येक गाव ते द्यायला नकार देतो, कारण त्यालाही उगमसिद्धान्त न शिकवता येतो.

२०१२ च्या उन्हाळ्यात इचलकरंजीत दूषित पाण्यातून काविळीची साथ पसरली, माणसं दगावली. तेव्हापासून या भागात ‘पाणी कुठलं?’ हा प्रश्न शिष्टाचाराचा राहिला नाही. पंचगंगेच्या प्रदूषणाचा वाद मुंबई उच्च न्यायालयापर्यंत गेला. तेरवाडच्या बंधाऱ्यावर फेस आणि मेलेले मासे दिसल्याची बातमी अधूनमधून येतेच. आवडीनिवडीची चेष्टा करणाऱ्यानं हे विसरू नये, म्हणून लिहून ठेवलं. ज्याला काविळीचं घर आठवतं त्यानं जार घेतला तर त्याला आम्ही आवड म्हणत नाही.

वरचं अंग कुणाचंच उरलं नाही की माणूस काय करतो? कुरुंदवाड खालच्या टोकाला. पुढे राजापूरचा बंधारा, कृष्णेवरचा महाराष्ट्रातला शेवटचा, की लगेच कर्नाटक. आमच्या वरच्या अंगाला सगळा जिल्हा आंघोळ करून बसलेला. अशा वेळी उगम विकत घ्यावा लागतो. सीलबंद बाटलीच्या लेबलावर बर्फाचा डोंगर छापलेला असतो तो यासाठी. कायद्याच्या भाषेत बाटल्यांच्या दोन जाती आहेत. नैसर्गिक खनिज पाण्याला एक मानक, १३४२८. साध्या पॅकबंद पेयजलाला दुसरं, १४५४३. दुसऱ्या जातीचं पाणी कुठूनही घेता येतं, नळातूनही, बोअरमधूनही. फक्त ते शुद्ध करायचं. आपण पितो त्या बहुतेक बाटल्या या दुसऱ्या जातीच्या. डोंगर लेबलावर, पाणी एमआयडीसीतलं. यात फसवणूक नाही, कारण डोंगरानं कधीच काही म्हटलेलं नसतं.

विलायतेतही उगमाचीच किंमत मोजतात. २००४ साली कोका-कोलानं ब्रिटनमध्ये दसानी नावाचं बाटलीबंद पाणी आणलं. वर्तमानपत्रांनी शोधून काढलं की ते लंडनच्या बाजूच्या सिडकपमधलं नळाचं पाणी शुद्ध करून भरलेलं आहे. पाणी पिण्याजोगं नाही असं तोवर कुणीच म्हणत नव्हतं. पण सिडकप हा काही डोंगर नव्हे. देशभर हशा पिकला. मग काही दिवसांत त्यात ब्रोमेटचं प्रमाण मर्यादेपेक्षा जास्त आढळलं आणि कंपनीला बाटल्या परत बोलवाव्या लागल्या. रसायनानं पाणी पडलं ते नंतर, उगम आधीच पडला होता.

फिल्टर हा उगमसिद्धान्ताचा सर्वांत सुबक आविष्कार. आरओ यंत्रानं उगम आणून स्वयंपाकघराच्या भिंतीवर, ओट्यापासून दोन हात उंचीवर, खिळ्याला अडकवला. धरण नको, आंदोलन नको, कागलकरांची मनधरणी नको. त्याची धार वरून खाली पडते, हेही महत्त्वाचं; खालून वर येणाऱ्या पाण्याला प्रतिष्ठा नसते. या यंत्रातून शुद्ध पाण्याचा एक तांब्या निघतो तेव्हा नाकारलेल्या पाण्याचे दोन-तीन तांबे मोरीत गेलेले असतात. जिथं टीडीएस ५०० च्या आत आहे तिथं आरओ लावूच नये अशी बंदी घालायला राष्ट्रीय हरित लवादानं २०१९ मध्ये सरकारला सांगितलं होतं. कुरुंदवाडच्या सवळ बोअरवाल्यांना त्यातून सूट मिळावी. बाकीच्यांनी मोरीतलं पाणी निदान फरशीला वापरावं. काटकसरी घरांतून ते बादलीत धरलेलं असतं आणि पाहुण्यांना ती बादली दाखवली जाते.

पाहुण्यांवरून आठवलं. पाण्याच्या आवडीचा खरा दर्जा पाहुण्यासमोर ठरतो. साध्या पाहुण्याला माठातलं, तांब्याभांड्यातून. पुण्याच्या पाहुण्याला फिल्टरचं, काचेच्या ग्लासात, आणि देताना ‘फिल्टरचं हाय बरं का’ हे वाक्य जोडून. मुलगी बघायला आलेल्यांना सीलबंद बाटली, सील त्यांच्यादेखत तोडून. साहेब गावात आले तर व्यासपीठावर प्रत्येक खुर्चीपुढे एकेक बाटली, जी कुणीही पीत नाही. ती पिण्यासाठी नसते, हुद्दा दाखवायला असते. सभा संपल्यावर त्या बाटल्या कोण नेतं हा स्वतंत्र संशोधनाचा विषय असून त्यात मंडप बांधणाऱ्याचा मुलगा प्रमुख संशयित आहे. लग्नाच्या हॉलमधल्या छोट्या बाटलीचं निराळंच. अर्धी पिऊन ती टेबलावर ठेवायची, परत आल्यावर आपली कुठली हे ओळखू येत नाही म्हणून नवी फोडायची. अर्ध्या बाटलीवर मालकी सांगणारा माणूस अजून आमच्या पाहण्यात नाही.

भांडं आणि हात यांचाही चवीत वाटा असतो, आणि इथं हसणं आवरावं लागतं. ‘कुणाच्या हातचं पाणी’ ही या जिल्ह्यात फार काळ नुसती चवीची बाब नव्हती. गंगाराम कांबळे हे शाहू महाराजांच्या पदरी नोकर. सवर्ण नोकरांच्या हौदातलं पाणी घेतलं म्हणून त्यांना बेदम मारहाण झाली. महाराजांनी मारणाऱ्यांना शिक्षा केली आणि कांबळ्यांना कोल्हापुरात भाऊसिंगजी रोडवर चहाचं हॉटेल काढून दिलं. फिरायला निघाले की गाडी तिथं थांबवून महाराज स्वतः चहा मागवत आणि बरोबरच्या सरदार-दरकदारांनाही प्यायला लावत. त्या चहाच्या चवीबद्दल कुणी मत नोंदवल्याचं आम्हाला सापडलं नाही. महाराज बघत असताना मत देणारा सरदार विरळा.

नृसिंहवाडीला येणारे यात्रेकरू उगमसिद्धान्तातले सर्वांत गुंतागुंतीचे नमुने. घाटावर उतरून कृष्णेचं पाणी तीर्थ म्हणून डोळ्यांना लावतात, गडू भरून सील करून घरी नेतात, देवघरात ठेवतात. पुलाच्या अलीकडे आले की विकतची बाटली घेतात आणि तहान भागवतात. कुणी याला दांभिकपणा म्हणेल. आम्ही म्हणत नाही. एका पाण्याचा उगम महाबळेश्वरी, दुसऱ्याचा लेबलावर. एक नेण्यासाठी, एक पिण्यासाठी. गुरू कन्या राशीत जातो तेव्हा बारा वर्षांनी गंगा कृष्णेला भेटायला येते असा कन्यागताचा समज आहे. २०१६ साली झालेल्या कन्यागताला वाडीला लोटलेली गर्दी आठवणारे आठवतात. हिमालयातलं पाणी हजारेक मैल येऊन, कसलीही पाइपलाइन न घालता, कुणाही गावाचा विरोध न होता, कृष्णेत मिसळलं. पुढचं कन्यागत २०२८ च्या सुमारास. तेव्हा एका काठावर मीटर घेऊन बसावं असं मनात येतं, पण वाडीच्या घाटावर तसं करणाऱ्याला कृष्णेत ढकलतील, आणि तेही योग्यच होईल.

कृष्णा चढली की वाडीच्या देवळात दक्षिणद्वाराचा सोहळा होतो. पाणी पादुकांवरून वाहून दक्षिणेच्या दारानं बाहेर पडतं आणि भाविक त्यात स्नान करतात. आणखी चढली की सोहळा संपतो आणि पूर सुरू होतो. ऑगस्ट २०१९ मध्ये शिरोळ तालुक्यातली गावंच्या गावं पाण्यानं वेढली गेली. माळ्यावर बसलेल्या माणसाच्या चारही बाजूंना पाणी आणि त्याची पहिली मागणी पाण्याची. मदतीच्या होड्यांमधून खोकीच्या खोकी बाटल्या आल्या. त्या आठवड्यात कुणीही कंपनीचं नाव वाचलं नाही, बाटली गार आहे का विचारलं नाही, आणि जंतुनाशक मेडिक्लोरच्या थेंबांचा वास येणारं पाणीही पोरं तक्रार न करता प्याली. आवडीचा प्रश्न पूर ओसरल्यावर, घरातला गाळ काढून झाल्यावर, साधारण तिसऱ्या चहाला परत आला.

राहता राहिला सोडा. सोडा पाण्यात धरावा की नाही यावर आमच्या कट्ट्यावर दोन तट आहेत. इतिहास थोडक्यात असा. जोसेफ प्रीस्टलेनं लीड्सच्या दारूभट्टीत आंबवणाच्या पिपांवर तरंगणारी हवा पाण्यात मिसळून १७६७ च्या सुमारास पहिलं फसफसतं पाणी केलं. ते स्कर्व्हीवर औषध होईल अशी त्याला आशा होती, ती फोल ठरली. १७८३ मध्ये श्वेप नावाच्या गृहस्थानं जिनिव्हात त्याचा धंदा उभा केला. १८७२ मध्ये हायरम कॉडनं गळ्यात काचेची गोटी अडकलेली बाटली पेटंट केली, आणि ती इंग्लंडातून जवळपास नाहीशी झाल्यावरही आपल्या गाड्यांवर टिकली. बिसलेरी भारतात १९६५ साली मुंबईत काचेच्या बाटलीतून आली ती साधी आणि फसफसती अशा दोन्ही रूपांत. चार वर्षांनी पार्लेनं ती विकत घेतली. पुढं साधी जिंकली. फसफसत्या पाण्याचा आपल्या लोकांना तहानेसाठी उपयोग सुचला नाही, पोटासाठी सुचला.

फ्रान्समधलं पेरिये हे झऱ्यातूनच फसफसत येतं अशी त्याची ख्याती. १९९० मध्ये त्यात बेंझिन सापडलं आणि जगभरातून सोळा कोटी बाटल्या परत मागवल्या गेल्या. शोध घेता बाहेर आलं की झऱ्याचा वायू वेगळा काढून, गाळून, मग पाण्यात परत घालतात, आणि गाळणीच वेळेवर बदललेली नव्हती. म्हणजे तिथंही सोड्याचा एक गाडीवाला होताच, फक्त टोपी निराळी.

सोड्याचा तो झोंबणारा चटका बुडबुड्यांचा असतो असं सगळे समजतात. तसं नाही. जिभेवरच्या आंबट चव ओळखणाऱ्या पेशींत एक विकर असतं. ते कार्बन डायऑक्साइडचं आम्ल करतं आणि तो चटका त्या आम्लाचा, हे २००९ मध्ये शास्त्रज्ञांनी दाखवून दिलं. उंचीवर त्रास होऊ नये म्हणून गोळ्या घेणाऱ्या गिर्यारोहकांत ते विकर थंडावतं आणि त्यांना बिअर व सोडा मिळमिळीत लागतो. म्हणजे सोड्याची चव पाण्याची नाही, हवेची नाही, जिभेची आहे. मुक्तावलीकारांना हे कळलं असतं तर हिरड्याशेजारी गोटी सोड्याचं उदाहरण नक्की आलं असतं.

हे सगळं आमच्या कट्ट्यावरच्या निवृत्त संस्कृत शिक्षकांनी परवा संध्याकाळी सोड्याच्या गाडीसमोर उभं राहून मांडलं. त्यांचा पक्ष असा की मधुर रस आणि शीत स्पर्श ही पाण्याची लक्षणं. सोड्यात शीत स्पर्श आहे, आंबटपणा उपाधीचा आहे, सबब सोडा हे पाणीच. नगरपालिकेच्या पंपावर आयुष्य काढलेले दुसरे एक सभासद म्हणाले, ज्यात टीसीएल टाकता येत नाही त्याला आपण पाणी मानत नाही. वाद वाढला. गाडीवाला गोटी अंगठ्यानं दाबत ऐकत होता.

“गुरुजी,” तो म्हणाला, “पाणी असतं तर तुमी फुकट मागितलं असतं की.”

गुरुजींनी शेजारच्या दुकानातल्या बाटल्यांच्या खोक्याकडे बोट केलं. “मग ते काय आहे? तेही विकतच आहे.”

“त्येला बी मी पाणी म्हनत न्हाई,” गाडीवाला म्हणाला. “ते त्येंचा सोडा. नुसता गॅस काढून घेतल्याला. बोला, साधा करू का मसाला?”